शिकल, कल्हई आणि मुलामा

अब्बांची जावा अकरा वर्षं पडवीत उभी होती. अब्बा गेल्यानंतर तिला कुणी किक मारली नाही. वर एक जुनी सतरंजी, सतरंजीवर कोंबड्यांचा मुक्काम आणि दर पावसाळ्यात पन्हळीतून उडणारं पाणी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती सतरंजी ओढून काढली. टाकीच्या दोन्ही बाजूंच्या क्रोमवर तपकिरी ठिपके उमटले होते. हेडलाइटची रिंग खालून खाल्ली गेली होती. सायलेन्सरचं टोक बोटानं दाबलं तर पापुद्रा निघून हातात आला. इंजिनाच्या बाजूचं ॲल्युमिनियमचं गुळगुळीत कव्हर चुना फासल्यासारखं पांढुरकं पडलं होतं.

मी फडकं घेतलं आणि टाकी पुसायला लागलो. पायरीवर बसलेली अम्मी ओरडली, "सुका कपडा मत मार रे, चरे पड़ते. पहले धो डाल."

अम्मीचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. तिनं आयुष्यात मोटारसायकल चालवलेली नाही. पण धातूच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरात शेवटचा असतो, कारण अम्मी माहेरची शिकलगार. त्या दिवसापासून पुढचे तीन महिने मी दर रविवारी गावी जाऊन ती गाडी घासत होतो आणि आठवडाभर ह्या एका शब्दाच्या मागे फिरत होतो. हा लेख त्या दोन्ही कामांचा आहे.

चार शब्द

'शिकलगार' हे आडनाव सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे ह्या भागात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याचा अर्थ मात्र विचारला तर बरेच जण गडबडतात. काहींना वाटतं, शिकारीशी संबंध असेल. तसा काही संबंध नाही. अरबीत साद-काफ-लाम ह्या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ घासून चमकवणं, धार देणं. त्यातून 'सैकल' आला, त्याला फारसीचा 'गर' लागला. जसा जादूगर, सौदागर, तसा सैकलगर. दख्खनच्या तोंडात तो शिकलगार झाला. तलवारी, भाले, कट्यारी, खंजीर ह्यांचा गंज काढून त्यांना पाणी आणणारा तो शिकलगार.

मग ध्यानात आलं की धातूच्या चकाकीसाठी आपण मराठीत रोज जे शब्द वापरतो त्यातले किती तरी ह्याच वाटेनं आलेले आहेत. 'जिल्हई' अरबी 'जिला' वरून. 'मुलामा' अरबीच, वरून चढवलेला चमकदार थर. 'कल्हई' हा तर आख्खा समुद्रप्रवास करून आलेला शब्द आहे. अरब व्यापारी कथिलाला 'कलई' म्हणत, कारण ते मलायाच्या किनाऱ्यावरच्या 'कलह' नावाच्या बंदरातून येई, असं मानलं जातं. कल्हईवाला तांब्याचं भांडं तापवून त्यात जी पांढरी पूड टाकतो तो 'नवसागर'. हा शब्द ऐकायला अस्सल संस्कृत वाटतो, पण तो फारसी 'नौशादर' आहे. नवव्या-दहाव्या शतकातल्या अरबी रसायनग्रंथांत, जाबिर इब्न हय्यानच्या नावावरच्या लिखाणात आणि अर-राझीच्या ग्रंथांत, नौशादर हा महत्त्वाचा पदार्थ आहे.

ह्या तीन कामांत फरक आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. कल्हई म्हणजे तांब्यापितळेवर कथिलाचा पातळ थर. कथिल 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भात्यावर हे काम होतं. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की त्याची वाफ तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकते, आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ तांब्याला कथिल धरतं. मुलामा म्हणजे सोन्याचांदीचा किंवा दुसऱ्या धातूचा शोभेचा थर. ह्या दोन्हींत बाहेरून काही तरी चढवलं जातं. शिकलीत बाहेरचं काहीही येत नाही. जे वर साचलंय ते काढायचं, आत जे आहे ते दिसू द्यायचं, एवढंच काम.

पोलादाचं पाणी

तलवारीची शिकल हे नुसतं घासणं नव्हतं. दक्षिणेत आणि दख्खनमध्ये मुशीत बनणारं पोलाद, ज्याला इंग्रज 'वूट्झ' म्हणायला लागले, ते जगभर जात होतं. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम ह्या गावी इराणचे व्यापारी स्वतः पोलाद घ्यायला येत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका इंग्रज निरीक्षकानं करून ठेवली आहे. ह्या पोलादाच्या पात्यावर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी असते. तिला फारसीत 'जौहर' म्हणतात. नवव्या शतकात बगदादचा तत्त्वज्ञ अल-किंदी ह्यानं खलिफा अल-मुअतसिमसाठी तलवारींवर एक ग्रंथच लिहिला. पोलादाचे प्रकार आणि त्यांच्या पात्यावरची नक्षी कशी ओळखायची हे त्यात सांगितलं आहे.

गंमत अशी की हा जौहर लोहाराच्या भट्टीतून बाहेर पडताना दिसत नाही. पातं काळं, खरबरीत असतं. आधी ते सहाणेवर घासावं लागतं. आपल्याकडची सहाण कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेल्या चाकाची असे. एकानं पट्टा ओढून चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पातं धरायचं. मग बारीक दगड, मग तेल, मग कातडं. शेवटी क्षाराचं सौम्य पाणी फिरवलं की लहरी वर येतात. म्हणजे तलवार लोहार घडवी, पण तिची जात ओळखायची ती शिकलगाराच्या हातून गेल्यावर. खराब पोलाद कितीही घासलं तरी त्यात जौहर उमटत नाही, आणि चांगलं पोलाद अडाणी हातात गेलं तर जौहर पुसला जातो.

आपल्या हवेत ह्या कामाला सुट्टी नव्हती. चार महिने सह्याद्रीवर जो पाऊस पडतो त्यात लोखंड टिकणं अवघड. शिवकाळातल्या कारखान्यांत शिलेखाना येतो. त्यातला 'सिलाह' म्हणजे शस्त्र, हाही अरबी शब्द. पावसाळा संपला, दसरा आला, की मोहिमा सुरू होत. त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा होई. पूजेला शस्त्र ठेवायचं तर ते लख्ख हवं. खंडेनवमीच्या आधीचे दिवस शिकलगाराच्या घरात कसे गेले असतील ह्याची कल्पना करता येते. पूजा करणारा हिंदू आणि हत्यार लख्ख करून देणारा मुसलमान, हे चित्र त्या काळी कुणाला वेगळं वाटण्याचं कारणच नव्हतं.

आणि शिकलगार काही फक्त मुसलमान नव्हते. शिखांमध्ये सिकलीगर आहेत, आपल्या नांदेडमध्येही आहेत. गुरू गोविंदसिंगांच्या फौजेची हत्यारं आपल्या पूर्वजांनी घडवली ही त्यांची अभिमानाची आठवण आहे. मुंबई इलाख्याच्या 1880 च्या दशकातल्या गॅझेटियरांत 'सैकलगर' ही मुसलमानांमधली वेगळी जमात म्हणून येते आणि तिचं मूळ घिसाडी समाजात आहे असं तिथं सांगितलं आहे. म्हणजे भट्टीवरचा आणि सहाणेवरचा माणूस एकाच घरातला. धर्म वेगळे झाले, काम आणि कामावरून पडलेलं नाव तेच राहिलं.

धार लावणारा

1857 नंतर इंग्रजांनी हत्यारं गोळा करायला सुरुवात केली. 1878 चा आर्म्स ॲक्ट आला आणि परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, घेऊन फिरणं गुन्हा ठरला. इतिहासाच्या पुस्तकात हा कायदा लॉर्ड लिटनच्या दडपशाहीचं उदाहरण म्हणून दोन ओळींत येतो. पण ज्याच्या घरातली सहाण त्या हत्यारांवर चालत होती, त्याच्या पोटाचं काय झालं? संस्थानांत थोडं काम राहिलं. बाकीच्यांनी सहाण खांद्यावर घेतली आणि बाजार धरले. विळे, कोयते, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे, शिंप्याच्या कात्र्या, खाटकाच्या सुऱ्या. काही कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायला लागले.

माझे नाना ह्यातलेच. अम्मी सांगते, आठवड्याला तीन बाजार होते. पहाटे निघायचं, पाठीवर लाकडी घोडा आणि त्यावर चाक. मीही त्यांना पाहिलंय, पण तोवर सायकल आली होती. स्टँडवर लावलेली सायकल, पॅडल मारलं की कॅरियरजवळ बसवलेला दगड फिरायचा, आणि त्यातून उडणाऱ्या ठिणग्या आम्ही पोरं हातावर झेलायचो. चटका बसत नसे. नाना म्हणायचे, "ये लोहे का पसीना है."

नंतर त्यांच्या घरातल्या मुलांनी सायकलींची दुकानं टाकली, त्यातून मोटारसायकलींची गॅरेजं झाली. आज पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी स्टँडमागच्या गल्लीत जा. डेंटिंग-पेंटिंग, रेडिएटर, वेल्डिंग, सीट कव्हर, टू-व्हीलर गॅरेज. पाट्यांवरची नावं वाचा. शिकलगार, पिंजारी, तांबोळी, मणेर, अत्तार, मुल्ला. जुन्या बलुत्याची हजेरी तिथं लागलेली दिसते. 'मुसलमान पोरं गॅरेजकडेच का वळतात' ह्या प्रश्नाचं उत्तर शाळागळतीत आहे हे खरं, दारिद्र्यात आहे हेही खरं. पण त्याच्या मागे धातूची, कापसाची, पानाची, काकणाची शेकडो वर्षांची कारागिरी आहे आणि ती बिनकामाची ठरवली गेली हाही इतिहास आहे.

क्रोमच्या खाली

आता गाडीकडे येतो. जावा हे नाव यानेचेक आणि वाँडरर ह्या दोन नावांतून जुळवलेलं आहे. 1929 मध्ये झेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक ह्या शस्त्रनिर्मात्यानं जर्मन वाँडरर कंपनीचं मोटारसायकलीचं डिझाइन घेतलं आणि कारखाना सुरू केला. हत्यारांचा धंदा मंदावला म्हणून मोटारसायकलीकडे वळलेला माणूस! आमच्या नानांच्या भावकीसारखाच, फक्त भांडवल मोठं. भारतात मुंबईच्या रुस्तम इराणी ह्यांच्या घराण्यानं म्हैसूरला 'आयडियल जावा' कारखाना काढला आणि 1961 पासून तिथं गाड्या बनू लागल्या. पुढे तिचीच 'येझदी' झाली, इराणमधल्या यझ्द शहराच्या नावावरून. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. अब्बांची गाडी 1968 ची, त्यांनी 1973 मध्ये जुनी घेतलेली. किक मारली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा, ही तिची खासियत. गावातली पोरं ते बघायला थांबायची.

तिची चकाकी क्रोमची. क्रोमियमचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ ह्यानं 1797 मध्ये सैबेरियाच्या तांबड्या खनिजातून लावला, पण त्याचा मुलामा धंद्याच्या पातळीवर जमला तो 1920 च्या दशकात. त्याआधीच्या मोटारसायकली निकलच्या असत. थोड्या पिवळसर, सतत पुसाव्या लागणाऱ्या. विजेनं मुलामा चढवण्याचा धंदा बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन ह्यांनी 1840 मध्ये पेटंट घेऊन उभा केला. त्यामागचं गणित, म्हणजे किती विजेला किती धातू बसतो ह्याचे नियम, मायकेल फॅरडेनं 1830 च्या दशकात मांडले.

आणि इथं मला थांबावं लागलं. कारण हाच फॅरडे त्याआधी, 1820 च्या आसपास, लंडनच्या जेम्स स्टोडार्ट ह्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर आपल्या दख्खनच्या वूट्झवर प्रयोग करत होता. लोहाराचा मुलगा तो. ह्या पोलादात असं काय आहे की त्याला अशी धार आणि अशा लहरी येतात, हे त्याला शोधायचं होतं. शिकलगाराच्या सहाणेपासून क्रोमच्या हौदापर्यंतच्या वाटेवर हा एकच माणूस दोन्ही टोकांना उभा आहे. फरक एवढाच की त्याला प्रयोगशाळा मिळाली आणि आमच्यांना 1878 चा कायदा.

टाकी घेऊन मी शहराजवळच्या एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत गेलो. पत्र्याची शेड, आत सहा मोटरी, मोटरींच्या दोन्ही बाजूंना कापडी चाकं. ह्याला 'बफ मारणे' म्हणतात. कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेलं चाक फिरतं, त्याला मसाल्याची वडी लावायची आणि त्यावर भाग दाबून धरायचा. बफवरचा माणूस मुरादाबादचा, पितळनगरीचा. तोंडाला गमछा, पापण्यांवर काळी पूड. त्यानं टाकी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाला, "साहब, क्रोम तो नाम का होता है. असली काम इसके नीचे है."

तो अगदी बरोबर बोलला. मोटारसायकलीवरचा शोभेचा क्रोमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस त्याच्या शेकडो पट जाड. खालचा निकलचा थर त्या मानानं बराच जाड, आणि गंजापासून खरं रक्षण तोच करतो. क्रोममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात; निकल तिथं छिद्रं पडेपर्यंत झिजलं की पाणी लोखंडाला भिडतं आणि तपकिरी ठिपका वर येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रोम काहीच लपवत नाही. खाली चरा असेल तर तो चकाकत वर येतो. म्हणून मुलाम्याच्या कामात निम्म्याहून अधिक मेहनत मुलाम्याआधीची असते. आरशासारखी दिसणारी ती टाकी मुळात कुणी तरी हातानं, दगडानं, कापडानं आरसा केलेली असते. हौदातला क्रोम फक्त त्यावर शिक्का मारतो. शोरूममध्ये नाव क्रोमचं होतं. शिकल करणारा पत्र्याच्या शेडमध्ये राहतो.

आणि खोकत राहतो. बफची पूड छातीत जाते. क्रोमच्या हौदावरचा धूर त्याहून वाईट. त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं आणि वर्षानुवर्षं त्या वाफेत काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मी त्या माणसाला विचारलं, मास्क का नाही? तो हसला. "गमछा है ना."

अम्मीची रीत

शेडवाला म्हणाला, सगळं उतरवून नव्यानं करू, शोरूमसारखी दिसेल. मी टाकी परत घेऊन आलो. तो निर्णय अम्मीचा.

तिच्या देखरेखीखाली जे केलं ते सांगतो, कुणाच्या पडवीत अशी गाडी असेल तर उपयोग होईल. आधी सगळे भाग सुटे करून रॉकेलनं तेलकट चिखल काढला, मग साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवले. क्रोमवरच्या ठिपक्यांना एमरी पेपर लावला नाही. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवला. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरा पडत नाही आणि गंज निघतो. खड्डे राहतात ते राहतात. नंतर मेण चोळलं, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

स्टँड, फूटरेस्ट, ब्रेकचा दांडा हे साध्या लोखंडाचे भाग मी विजेवर टाकले. प्लास्टिकची बादली, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला. रात्रभरात गंज सुटून काळा लगदा होतो आणि ब्रशनं निघतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. हे उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन सुटतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, नाही तर तेच विषारी क्रोमियम आपल्या बादलीत तयार होतं. फॅरडेचीच विद्या, फक्त उलटी चालवलेली. अम्मीला ती बघून फार मौज वाटली. "बिजली गंज खाती?" असं तिनं दोनदा विचारलं.

इंजिनाची कव्हरं मात्र तिनं स्वतः केली. ॲल्युमिनियमला सोडा किंवा कॉस्टिक चालत नाही, ते धातूच खातं. पाण्याबरोबर आधी 220 चा कागद, मग 400, मग 800, मग 1200. तिचा एकच नियम: प्रत्येक कागद आधीच्या कागदाला आडवा फिरवायचा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. हा नियम तिला नानांनी शिकवला होता, वस्तऱ्यांसाठी. शेवटी जुन्या धोतराच्या तुकड्यावर लाल मसाला. तो लाल मसाला काय असतो? लोहभस्म, आयर्न ऑक्साइड. म्हणजे गंजच, फक्त अतिशय बारीक केलेला. घासकामाचा शेवटचा हात गंजाचा असतो.

दिलाचा गंज

लहानपणी जुम्याच्या बयानात मी अनेकदा ऐकलंय की लोखंडासारखा दिलालाही गंज चढतो आणि अल्लाहची आठवण ही त्याची सैकल आहे. अशी रिवायत हदीसच्या संग्रहांत आहे. कुरआनात सूरह मुतफ्फिफीनच्या चौदाव्या आयतीत माणसांच्या कर्मांचा त्यांच्या दिलांवर जो थर चढतो त्याला 'रान' म्हटलंय, आणि भाष्यकार त्याचा अर्थ गंज असाच लावतात. जुने आरसे पोलादाचे, काशाचे असत, म्हणून सूफींना आरसा घासणं हा दाखला जवळचा. इमाम गझालींनी दोन चित्रकार-चमूंची गोष्ट सांगितली आहे: एक चमू भिंत रंगवतो, दुसरा समोरची भिंत नुसती घासतो, आणि पडदा सरकल्यावर घासलेल्या भिंतीत रंगवलेली भिंत अधिक सुंदर दिसते. गझालींकडे घासणारे चिनी आहेत, मौलाना रूमींनी ती गोष्ट घेतली तेव्हा घासणारे रूमचे झाले. मान दोघांनीही घासणाऱ्यालाच दिला.

पण 1966 मध्ये अब्बांनी शिकलगाराच्या मुलीशी निकाह करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या दादांच्या घरात दोन महिने अबोला होता. आम्ही शेख, थोडी जमीन असलेले, स्वतःला खानदानी म्हणवणारे. दादी मरेपर्यंत अम्मीला नावानं हाक मारत नसे. बाहेरच्यांशी बोलताना 'शिकलगार की बेटी' म्हणे. ज्या मशिदीत सैकलचे गोडवे गायले जात त्याच मशिदीच्या जमातीत सैकलगराची सोयरीक कमीपणाची होती. इस्लाममध्ये जात नाही, असं आपण व्यासपीठावर सांगतो. लग्नाच्या बैठकीत मात्र 'कौन से शेख?' हा प्रश्न आजही विचारतो.

माझे धाकटे मामू मुंबईला नोकरीला लागले तेव्हा त्यांनी कागदोपत्री आडनाव बदलून शेख करून घेतलं. नानांना ते कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी बाजार होता, ते बाजाराला गेले. मी मामूंना दोष देत नाही. आडनाव हाही मुलामाच, आणि ज्याच्या अंगावर पाणी पडतं त्याला तो चढवावासा वाटणारच. पण मुलामा खालची रेघ झाकत नाही, हे आम्ही दोघंही आता शिकलोय.

हल्ली तलवारींवर फार बोललं जातं. कुणाची तलवार, कुणाच्या विरुद्ध, कुठल्या संग्रहालयात, कधी परत येणार. मिरवणुकीत त्या लखलखतात. त्या लखलखाव्यात म्हणून ज्यांनी पिढ्यानपिढ्या सहाण ओढली त्यांच्या घरातली मुलं मिरवणूक गल्लीतून जाताना शटर खाली ओढून आत बसतात. इतिहास हवा तर तो पुरता घ्यावा, पात्यासकट आणि पातं घासणाऱ्या हातासकट. आणि हे आपल्या लोकांनाही सांगायला हवं, कारण आपणही बादशहांची नावं पाठ करतो आणि शिकलगार, पिंजारी, कसाई ह्यांना 'बिरादरीतले नाहीत' म्हणून दूर बसवतो.

गाडी जानेवारीत सुरू झाली. पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, सातव्या किकला धूर आला आणि कोंबड्या पळाल्या. सायलेन्सर दोन्ही नवे घेतले, ते वाचण्यासारखे नव्हते. टाकीवर ठिपके आहेत, जवळून दिसतात. माझ्या मुलीनं विचारलं, हे का नाही काढलं? मी म्हटलं, हे काढायचं तर सगळंच काढावं लागलं असतं.

अब्बांच्या शाळेतले एक गुरुजी दरवर्षी खंडेनवमीला झेंडूची माळ घेऊन यायचे आणि जावाला घालायचे. अब्बा त्यांना चहा पाजायचे. गुरुजी आता थकलेत, पण त्यांच्या मुलाला मी निरोप धाडलाय.

मामूंना मोबाइलवर फोटो पाठवले. त्यांनी इंजिनाच्या कव्हरचा फोटो मोठा करून बघितला असणार, कारण लगेच फोन आला. गाडीबद्दल काही नाही, माझी खुशाली नाही. थेट प्रश्न: "शिकल किसने की?"

मी फोन अम्मीकडे दिला.